ओरिजिनल इमेज

रविवार, रात्री उशिरा

माळा आवरताना आज बी.ई.चं इमेज प्रोसेसिंगचं जर्नल सापडलं. तपकिरी कव्हर, कोपरे वाळवीने खाल्लेले, पण आत चिकटवलेले प्रिंटआऊट शाबूत. आणि पानापानावर तीच ती. पिसांची टोपी, उघडा खांदा, मागे आरसा, मान वळवून सरळ आपल्याकडे बघतेय. एका पानावर तिच्यावर नॉइज, म्हणजे मुद्दाम ठिपके टाकलेत, पुढच्यावर फिल्टर लावून ते काढलेत, तिसऱ्यावर नुसत्या कडा उरल्यात, टोपीची, नाकाची, खांद्याची.

तेव्हा मला वाटायचं कुणीतरी जुनी हिरॉईन असेल. व्हायवाच्या दिवशी मागे मुलं हसत होती, पूर्ण फोटो बघितलास का म्हणून एकमेकांना विचारत होती. मला कळेना. रात्री हॉस्टेलवर शोधलं तर कळलं की ही लेना, स्वीडनची, आणि हा फोटो १९७२च्या नोव्हेंबरच्या प्लेबॉयमधलं, म्हणजे बायकांचे नग्न फोटो छापणाऱ्या अमेरिकन मासिकातलं, मधलं घडीचं पान. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये टेस्टला चांगला फोटो हवा होता, कुणीतरी तो अंक घेऊन आलं, वरचे ५.१२ इंच स्कॅन केले, झाली ५१२ बाय ५१२ पिक्सेलची इमेज. बाकी शरीर कापलं. पुढे जगभर टेस्टला हीच इमेज वापरायला लागले, तशीच ती आमच्या जर्नलपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसले तेव्हा कान तापले होते माझे, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही.

आज एवढ्या वर्षांनी मला वेगळाच प्रश्न पडला. तो अंक लॅबमध्ये हातात घेऊन यावा इतका साधा कसा काय झाला होता? तर त्या एका अंकाच्या ७० लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. म्हणजे लपवून वाचायचं ते राहिलंच नव्हतं. त्याआधी एस्क्वायर हे पुरुषांचं मासिक होतं, त्यातल्या वर्गास नावाच्या चित्रकाराने रंगवलेल्या मुली दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी बराकीत लावल्या, बॉम्बर विमानांच्या नाकावर तसल्या मुली रंगवल्या, पाय हवे तितके लांब, कंबर हवी तितकी बारीक, चित्रच ते. मग १९५३मध्ये हेफनरने प्लेबॉय काढलं आणि त्याला हवी होती शेजारच्या घरातली वाटेल अशी मुलगी. मला वाटतं खरी मेख इथेच आहे, कारण चित्रातली मुलगी चित्रातच राहते पण शेजारची म्हटली की प्रत्येक पुरुष आजूबाजूला तिला शोधायला लागतो आणि प्रत्येक बाई आरशात. आणि ती दिसते कशी, तर एअरब्रश मारून. बाजूला तिची मापं आणि आवडीनिवडी. त्याच अंकात भारी स्टिरिओ, दारूच्या जाहिराती, मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती, १९६५मध्ये तर मार्टिन ल्यूथर किंगची. यशस्वी पुरुषाकडे काय काय असावं त्या यादीत सुंदर बाईसुद्धा. ह्याला लोक स्त्रीसौंदर्याची पूजा म्हणतात! मखरात बसवायचं आणि तिला काय हवं ते विचारायचंच नाही, ही कसली पूजा.

पहिल्याच अंकातली मर्लिन मन्रो बघा. १९४९मध्ये पैशांची नड होती म्हणून ५० डॉलरला तिने कॅलेंडरसाठी ते फोटो दिले होते. हेफनरने ते कॅलेंडर कंपनीकडून ५०० डॉलरला घेतले. तिला विचारलं नाही, तिला एक पैसा मिळाला नाही, अंक मात्र ५० हजारांवर खपला. पुढे १९९२मध्ये त्याने तिच्या थडग्याशेजारची जागा ७५ हजार डॉलरला विकत घेतली आणि २०१७मध्ये तिथेच त्याला पुरलं. मला हे वाचून संताप आला होता, अजूनही येतो. मेल्यावर तरी त्या बाईला एकटं राहू द्यायचं होतं.

लेनाने २०१९मध्ये एका डॉक्युमेंटरीत सांगितलं की मॉडेलिंग मी कधीच सोडलंय, आता टेक्नॉलॉजीतूनही मला रिटायर होऊ द्या. १ एप्रिल २०२४पासून आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेच्या कॉम्प्युटर सोसायटीने तो फोटो असलेले पेपर घेणं बंद केलं. तब्बल पन्नास वर्षं लागली, आणि दरम्यान आमच्यासारख्या किती मुली त्या खांद्याच्या कडा शोधत बसल्या असतील.

जर्नल टाकून नाही दिलं. पहिल्या प्रिंटआऊटखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, ओरिजिनल इमेज. त्याच्या बाजूला आज पेन्सिलने लिहिलं, लेना फोर्सेन.