अंतरपाटाचं एक टोक

माझ्या पिशवीत पळी-पंचपात्र असतं, सुपाऱ्यांची डबी असते, दोन काड्यापेट्या असतात (कार्यालयातली काड्यापेटी ऐन होमाच्या वेळी कधीच सापडत नाही, हा अनुभव) आणि सगळ्यांत तळाशी घडी घातलेला अंतरपाट. साधं पांढरं कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. प्रत्येक लग्नानंतर धुते, पण गुलाबी झाक काही जात नाही. आता मी तिचा नाद सोडलाय.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पौरोहित्य शिकले. पुण्यात यात नवल नाही. थत्ते मामांनी बायकांना मंत्र शिकवायला सुरुवात केली त्याला कित्येक दशकं झाली, आणि पुढे ज्ञानप्रबोधिनीतून तर किती जणी तयार झाल्या. तरी अजून एखादे आजोबा दारातच विचारतात, "गुरुजी पोचले का?" मी म्हणते, "पोचल्या." मुलं जास्त हुशार. एका करवलीच्या पोराने मला "गुरुजीकाकू" करून टाकलं, तेच नाव मला आवडतं.

तर अंतरपाट. त्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं माझ्या सहकारी बाईंच्या. अलीकडे नवरा, पलीकडे नवरी, दोघांच्या मागे मामा. हॉलमधली तीनशे माणसं एक तर इकडून बघतात नाही तर तिकडून. दोन्ही चेहरे एकाच वेळी दिसतात ते टोक धरणारीला. दक्षिणा मला आधीच मिळाली असं मी समजते ती इथे.

काय काय दिसतं म्हणून सांगू! एक नवरा डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं, स्तोत्र म्हणतोय. नंतर कळलं, उखाणा पाठ करत होता. एक मुलगी कापडाच्या खालच्या कडेकडे बघत गालात हसत होती, कारण पलीकडच्या मोजडीने तिच्या पावलाला हळूच टोकलं होतं. दहा वर्षं एकमेकांना ओळखणारी, एकाच कंपनीत एका टेबलाशी डबा खाणारी माणसंसुद्धा त्या हातभर कापडाआड गेली की परकी होतात. घसा कोरडा पडतो, हारातली फुलं थरथरतात. मला ते फार आवडतं. ओळख पुसून पुन्हा करून देण्याची ताकद त्या सुती कापडात कुठून येते, देव जाणे.

मंगलाष्टकं मात्र परीक्षा बघतात. त्यांचं वृत्त शार्दूलविक्रीडित, त्याच्या एका चरणात 19 अक्षरं, बाराव्यावर श्वास. घरच्या कवींना हे मान्य नसतं. नवऱ्याची आत्या मोबाइल डोळ्यांशी धरून उभी राहते आणि त्या 19 अक्षरांत दोन्हीकडची आजोळं, मुलाची एमटेक आणि बाणेरचा फ्लॅट कोंबते. चाल कधीच नदीपार झालेली असते. आठव्या-नवव्या अष्टकाला अंतरपाट धरलेला हात भरून येतो. तरी आत्याचा आवाज शेवटी चिरकतो तेव्हा तिला थांबवावंसं वाटत नाही. तो भाचा तिने अंगाखांद्यावर खेळवलेला असतो.

म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवरच्या एका लॉनवरची गोष्ट. सप्तपदी चालू होती. तांदळाच्या सात पुंजक्यांवरून नवरी एकेक पाऊल टाकत होती आणि मी मराठीत अर्थ सांगत होते : पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग समृद्धी, सुख, संतती, ऋतू. सहाव्यावर फोटोग्राफर ओरडला, "काकू, एक मिनिट! कार्ड भरलं." दोघं पाय अवघडून उभी. मी म्हटलं, "अहो, 1955च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 सांगतं, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. ही दोघं सध्या सहाव्यावर लटकलीयेत." नवरा चटकन म्हणाला, "म्हणजे अजून पळता येईल?" समर्थ 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले अशी आख्यायिका आहे, हा त्यांच्याही पुढे जाऊन सहाव्या पावलाचा विचार करत होता! नवरीने काही न बोलता त्याच्या उपरण्याची गाठ मनगटाला एक वेढा देऊन आवळली. हशा पिकला. कार्ड बदललं. सातवं पाऊल पडलं, त्या पावलाला मंत्रात फक्त मैत्री मागितलीय. त्या दिवशी मला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

डोक्यात हवा जाऊ लागली की मी 25 डिसेंबर 1873 आठवते. त्या दिवशी जोतिरावांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरा-नवरीच एकमेकांशी बोलतात. म्हणजे माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. तरी लोक बोलावतात, तारखेआधी तीनदा फोन करून "काकू, तुम्हीच हव्यात" म्हणतात. न अडता बोलावणं यायला नशीब लागतं.

परवा रात्री घरी आले, साडीच्या निऱ्यांतून अक्षता सांडल्या. ह्यांनी केरसुणी आणून दिली. एकदम मनात आलं, इतक्या जणांचे अंतरपाटापलीकडचे चेहरे पाहिले, पण आमच्या लग्नात मला दिसलं ते फक्त स्वस्तिक. विचारलं, "अहो, तेव्हा तुम्ही कसे दिसत होतात हो पलीकडे?"

ह्यांनी बराच विचार केला.

"मुंडावळी नाकाला टोचत होती," म्हणाले, "आणि मसालेभाताचा वास येत होता."

मग चष्मा पुसत पुसत, माझ्याकडे न बघता : "सारखं वाटत होतं, जरा वारा सुटावा."