तोंड अजून माझंच आहे

"तुम्हाला तर रक्ताचा कॅन्सर होता ना? तो बरा झाला. मग आता दर सहा महिन्यांनी तोंड कसलं दाखवून येता?" पंगत उठल्यावर सुपारीचं तबक मी पुढे सरकवलं की हा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून मी सुटायचो. परवाच्या मुंजीत आमच्या साडूंनी पिच्छाच सोडला नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा नीट सांगतो.

२०१२ साली माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. मॅरो म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज, तो ताईचा. माझा रक्तगट बी होता, तो आता ताईचा, म्हणजे ओ झालाय. पण बदललं ते रक्त. गाल, जीभ, हिरड्या माझ्याच राहिल्या, आणि ताईच्या पेशींना त्या परक्या वाटतात. मग त्या अंगावर येतात. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. आमच्या घरात याला वेगळं नाव आहे. माझं तोंड आलं की बायको म्हणते, "वन्सं रुसल्या वाटतं."

माझ्या तोंडात हे आठेक महिन्यांनी सुरू झालं. गालाच्या आतून पांढऱ्या रेघांची जाळी उमटली. साधं फोडणीचं वरणही झोंबायचं. पुदिन्याची टूथपेस्ट म्हणजे निखारा, म्हणून मुलीची स्ट्रॉबेरीची पेस्ट वापरायला लागलो, ती आजतागायत. स्टिरॉइडच्या पाण्याची चूळ पाच मिनिटं तोंडात धरायची, गिळायची नाही. नेमका तेव्हाच साहेबांचा फोन यायचा. लाळ आटली ती आटलीच. भाकरी अजूनही पाण्याच्या घोटाबरोबरच उतरते.

त्रास सवयीचा झाला. खरी भानगड पुढे आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं जळजळ, ती शमवायला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, आणि त्याआधी ट्रान्सप्लांटच्या तयारीत घेतलेली जबर केमो, कुणाला रेडिएशनही. हे सगळं मिळून तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देतं. १९९७ साली १९ हजारांवर ट्रान्सप्लांट झालेल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षं किंवा जास्त जगलेल्यांमध्ये नव्या गाठींच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या आठपटीहून जास्त निघाला, आणि वाढलेल्या जागांच्या यादीत तोंड होतं. म्हणजे लोक मला "आता इतकी वर्षं झाली, सुटलात" म्हणतात ते मूळ रक्ताच्या कॅन्सरबद्दल खरं आहे. तोंडाचा हिशोब उलटा चालतो. फँकोनी ॲनिमिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना तर मुळातच हा धोका फार मोठा असतो, ट्रान्सप्लांटने त्यात भर पडते.

२०२१ मध्ये जिभेच्या कडेला एक चट्टा आला. गावातल्या दंतवैद्यांनी दाताची धार लागतेय म्हणून दात घासून दिला. मीही निर्धास्त. तीन आठवडे झाले तरी चट्टा जागचा हलेना, तेव्हा बायकोनेच गाडी काढायला लावली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर रकाना होता : तंबाखू किती वर्षांपासून? मी "कधीच नाही" लिहिलं, तर काउंटरवरच्या मुलीने पुन्हा विचारलं. तिचंही बरोबर आहे, आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू हे समीकरण पक्कं आहे. बायोप्सीत कॅन्सर नव्हता, पण पेशी बिघडायला लागल्या होत्या. तेवढा भाग काढला. तेव्हापासून दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम मी दाखवतोच.

आणि हो साडू, नुसत्या सुपारीने काय होतंय म्हणालात ना? तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. तुमचं तुम्ही बघा, माझ्या तोंडात आधीच गर्दी आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहाच्या आधी, मी खिडकीशी बसतो. बायको मोबाइलचा टॉर्च लावते, गॉजने जिभेचं टोक धरून दोन्ही कडा बघते, मग जिभेखाली, मग गाल ताणून आतून. फोटो काढून मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडते. त्यामुळे तिच्या मोबाइलमध्ये मुलीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवायला घ्यावेत, तर केकनंतर लगेच माझा डावा गाल येतो.