तुम्ही विचारलंत म्हणून : रेड्याच्या पाठीवरचा आसूड

गेल्या महिन्यात मुलांच्या एका कार्यशाळेनंतर एका मुलीचे वडील मागे थांबले होते. मी व्हिडिओ गेमसाठी गोष्टी लिहिते. त्या दिवशी मुलांना एकच अट घातली होती, गोष्टीचा नायक माणूस नको. त्यांच्या मुलीच्या वहीत घोरपड होती. वडिलांनी अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, माणसांची दुःखं काय कमी आहेत का, म्हणून पोरांना घोरपडीच्या मागे लावताय?" हाच प्रश्न मला संपादकांनी विचारलाय, गेममध्ये पैसे घालणाऱ्यांनी विचारलाय आणि माझ्या आईनेही. त्या दिवशी आवराआवरीत नीट बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून सांगते.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याजवळ. आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पुढे त्या भावंडांबरोबर चालत आला आणि इथे त्याने देह ठेवला, अशी आमच्याकडची श्रद्धा. आजी मला तिथे न्यायची आणि ओट्यावर बसून पैठणची कथा सांगायची. वेदांपाशी ती फार रेंगाळायची नाही. ती थांबायची आधीच्या प्रसंगाशी. पैठणच्या मंडळींनी समोरून चाललेला रेडा दाखवून विचारलं, "याचंही नाव ज्ञाना. मग तुझ्यात आणि याच्यात काय फरक?" ज्ञानेश्वर म्हणाले, काहीच नाही, दोघांत आत्मा एकच. तेव्हा कुणीतरी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला, आणि वळ उठले ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. हे सांगताना आजी माझ्या पाठीवरून तिरकं बोट ओढायची. ते बोट मला अजून जाणवतं.

कुणालाही रेड्याची गोष्ट विचारा, वेद आठवतात. वळ फार थोड्यांना आठवतात. मला मात्र त्या एका कथेत जनावराची गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा दिसतात. एकीत जनावर आपली भाषा बोलू लागतं. दुसरीत त्याला मारलेलं आपल्याला लागतं. मी जे मागते आहे ते दुसऱ्या तऱ्हेचं.

पहिल्या तऱ्हेचं आपल्याकडे भरपूर आहे आणि त्यावर मी वाढले. पंचतंत्रातला सिंह राजा आणि कोल्हा प्रधान म्हणजे माणसांचाच दरबार. चिऊताई बाळाला आंघोळ घालते, तीट लावते, काऊला दाराबाहेर तिष्ठत ठेवते, म्हणजे ती आमच्या आळीतलीच कुणीतरी. मेणाचं घर कुठल्या चिमणीने बांधलं? या गोष्टींनी मला शहाणपण दिलं, पण कावळ्याला आयुष्यभरासाठी वेंधळा, कोल्ह्याला लबाड आणि गाढवाला मूर्ख ठरवून टाकलं. गेममधलंही बरंचसं असंच. १९९१ सालच्या गेममधला सॉनिक नावाला हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला छोटा प्राणी आहे, पण तो लाल बूट घालून दोन पायांवर पळतो. त्याचं हेजहॉग असणं म्हणजे अंगरखा, काढून ठेवला तरी खेळ तोच राहतो.

आणि जिथे जनावर जनावर म्हणूनच असतं, तिथे ते बहुतेक वेळा निशाणा असतं. नव्वदीत आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आला, त्याच्या कॅसेटमध्ये बदकं मारायचा खेळ होता. सोबत प्लॅस्टिकची बंदूक. गवतातून फडफडत बदक उडायचं, आम्ही मारायचो. पुढे गेम मोठे झाले, चित्रं खरी दिसायला लागली. तरी लांडगा म्हणजे कातडं, हरीण म्हणजे मांस आणि घोडा म्हणजे गाडी, हा हिशेब फारसा बदलला नाही. मीही अशी शेकडो कातडी गोळा केली आहेत. ती गोळा करताना हाताला काहीच वाटलं नाही, ही गोष्ट मला नंतर टोचली.

हाताचा उल्लेख मुद्दाम केला. गोष्ट ऐकताना कान लागतात, वाचताना डोळे, आणि गेममध्ये हात. म्हणून आजीच्या त्या बोटाच्या सर्वांत जवळ जाऊ शकतो तो गेमच, असं मला वाटतं. १९९२ साली सेगा कंपनीचा एक डॉल्फिनचा गेम आला, एको नावाचा. मी तो खूप उशिरा, संगणकावर खेळले. त्यात डॉल्फिनच्या जिवाच्या पट्टीशेजारी हवेची पट्टी आहे. पाण्याखाली कितीही छान चाललेलं असो, ती पट्टी उतरत जाते आणि वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. शिवाय तो डॉल्फिन आवाज सोडतो, आवाज पुढच्या कातळावर आपटून परत येतो आणि पुढची वाट कळते. पहिल्या दिवशी मी नकळत माझाच श्वास रोखून खेळत होते. डॉल्फिन मासा नाही, त्याला हवा लागते, हे मी चौथीत पाठ केलं होतं. छातीला कळलं ते त्या दिवशी.

२०२२ मध्ये मांजराचा एक गेम खूप गाजला, स्ट्रे. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या एका छोट्या चमूने केलेला. त्यात एक बटण फक्त म्याँव करण्यासाठी आहे. बहुतेक ठिकाणी त्या म्याँवने काहीही होत नाही. दार उघडत नाही, गुण मिळत नाहीत. मांजर ओरडतं, एवढंच. पैसे घालणारे मला विचारतात की अशा बटणाचा उपयोग काय. मी त्यांना सांगते, ते बटण दाबून दाबून लोकांच्या घरातली खरी मांजरं पडद्यासमोर येऊन बसली. गोष्टीत रोबोट आहेत, मोठं रहस्य आहे, पण मला आठवतं ते सोफ्यावर नखं घासणं आणि उबदार कोपरा सापडला की अंगाची मुटकुळी करून झोपणं. झोपलं की कॅमेरा हळूहळू लांब जातो आणि तुम्हाला उठवायची घाई कुणी करत नाही.

त्याच वर्षीचा दुसरा एक गेम मात्र मला आतून हलवून गेला. बार्सिलोनाच्या एका चमूने केलेला, एंडलिंग. जगातली शेवटची कोल्हीण आणि तिची चार पिल्लं. रात्री बाहेर पडायचं, खायला शोधायचं, उजाडायच्या आत बिळात परत. कोल्हिणीच्या नाकाने गेलात तर वाट सापडते, कारण वास पडद्यावर रंगीत धाग्यांसारखे तरंगतात. एक पिल्लू माणूस उचलून नेतो. बाकीच्यांना भुकेलं ठेवलं तर एखादं मरतं आणि गेम पुढे चालूच राहतो. माझा भाचा बारा वर्षांचा आहे. आम्ही दोघं आळीपाळीने खेळत होतो. तिसऱ्या की चौथ्या रात्री रिकाम्या तोंडाने बिळाकडे परतताना त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, तू जा आत. मला त्यांच्यासमोर जायचं नाही." त्याच्या पाठीवर वळ उठला होता.

मला तेव्हा आजोळचा क्रेट आठवला. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात. काही वर्षांपूर्वी मामाच्या शेताच्या कडेला दोन सापडले. वनखात्याची माणसं आली, बछडे तपासले आणि संध्याकाळी ज्या जागी मिळाले तिथेच क्रेटमध्ये ठेवले. सगळ्यांना घरी पाठवलं आणि एक कॅमेरा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी मामाने मला ते चित्रण दाखवलं. बराच वेळ नुसता अंधार. मग दोन डोळे चमकतात. त्यांची आई येते, थांबते, मागे जाते, पुन्हा येते. पंजाने क्रेट आडवा करते, एकाला मानेला धरून उचलते आणि जाते. दुसरं तिथेच. कितीतरी वेळाने ती परत येते, तोवर ते एकटं काय करतं हे मी सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पारावर सगळी चर्चा वनखात्याची, पिंजऱ्याची, नुकसानभरपाईची. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण ती जी दोनदा आली, माणसांच्या वासाने भरलेल्या त्या प्लॅस्टिकपाशी, तिची गोष्ट सांगायला कुणीच नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आमच्या भागात बिबट्याने माणसं मारली आहेत, लहान मुलंसुद्धा. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराच्या अंगणात उभं राहून मी बिबट्याला नायक करा असं म्हणणार नाही. त्या आईचं दुःख माझ्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा मोठं आहे. पण नायक म्हणजे सज्जन, हा अर्थ मी घेत नाही. ज्याची भूक आणि ज्याची भीती आपण काही वेळ आपल्या अंगावर घेतो, तो नायक. मामा हे गेम न खेळता करतो. शेतीची वीज रात्रीची येते, मोटर चालू करायला रात्रीच जावं लागतं. मामा मोबाइलवर भजनं मोठ्याने लावून निघतो. वाकून बसायचं नाही, पोरांना अंधारात खाली बसू द्यायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं. "त्याला आधी कळलं पाहिजे कोण येतंय," मामा म्हणतो. ऊस ही बिबट्याच्या दृष्टीने दाट झाडी आहे, हे ओळखून तो जगतो. म्हणून त्या वडिलांना माझं उत्तर असं, की माणसांची दुःखं कमी नाहीतच. त्यातली काही मात्र नुसतं माणसाच्या बाजूने पाहून सुटणारी नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो. प्राण्याच्या मनातलं तुला काय कळतं? थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ साली वटवाघळाचं उदाहरण घेऊन हाच प्रश्न मांडला होता. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीने जग ओळखतं, आणि ते ओळखणं आतून कसं असतं, हे आपण कितीही माहिती गोळा केली तरी आपल्याला मिळत नाही. मला हे मान्य आहे. माझा अंगठा माणसाचा आहे आणि वासाचे रंगीत धागे म्हणजे वास नव्हेत. पण शेजारच्या माणसाच्या मनातलं तरी मला कुठे पुरतं कळतं? तरी आपण कादंबऱ्या लिहितोच. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्यावर 'सत्तांतर' लिहिली, साहित्य अकादमीने १९८३ साली तिला पुरस्कार दिला. वर्षानुवर्षं जंगलात बसून पाहिल्याशिवाय ते लिहून होत नाही. प्राण्याला नायक करणं ही कल्पनेची मोकळीक वाटते, प्रत्यक्षात तिच्यात फार शिस्त लागते. काय काढून टाकायचं ते आधी ठरवावं लागतं.

आता मी सध्या काय करते आहे ते सांगते, म्हणजे हे सगळं नुसतं बोलणं राहणार नाही. आळेफाट्यावरून नगरकडे निघालं की पुढे पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर लागतं. २००९ साली तिथे एक बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला, तो कुठे आहे ते कळवणारा जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्क म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. तो महिन्याभराच्या आत साधारण १२० किलोमीटर चालून मुंबईला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेचे रूळ, खाडी, आणि माणसंच माणसं. त्या सगळ्या वाटेत त्याने कुणालाही इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात तो महामार्गावर वाहनाच्या धडकेने गेला.

त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट आला, त्याच्याच नावाचा. त्यात उर्मिला मातोंडकर संशोधक झाल्या होत्या. मी तो आवडीने पाहिला. पण गोष्ट त्याला शोधणाऱ्या बाईची होती, त्याची नव्हती. त्याच्या वाट्याला नाव आलं. मला तेव्हापासून ती १२० किलोमीटर वाट त्याच्या चार पायांनी चालायची आहे. नकाशा नाही, बाण नाही, "मुंबई अमुक किलोमीटर" अशी पाटी वाचता येत नाही. महामार्ग म्हणजे डोळ्यांत घुसणारे दिवे आणि पायाखालचा थरथराट. खाडी म्हणजे पलीकडून येणारा झाडांचा वास. गावातून जाताना कुत्री आधी भुंकतात, दारं नंतर उघडतात.

गेमची सुरुवात विहिरीत होते. वर आभाळाचा गोल तुकडा आणि काठावर माणसांची डोकी. सगळ्यात अवघड गेली ती माणसांची भाषा. खेळणारा मराठी, काठावरची माणसंही मराठी, आणि तरी त्याला एक शब्द कळता कामा नये. मी आजोळी जाऊन मामाच्या घरच्यांचे आवाज मुद्रित केले, "दोर आण", "मागं व्हा रं", "पोरांना घरी न्या". मग ते उलटे केले, ताणले, तुकडे करून जोडले. सूर माणसाचा राहिला, अर्थ गेला.

परवा तेवढा भाग भाच्याला खेळायला दिला. त्याने हेडफोन लावले. पाण्यात पाय, वर गलका. त्याने एक बटण दाबलं, बिबट्या गुरगुरला आणि वरचा गलका वाढला. त्याने पुन्हा दाबलं नाही. हेडफोन एका कानावरून सरकवून मला विचारलं, "मावशी, ही माणसं काय म्हणतायत? मदत करतायत की मारणार आहेत?"

मी काही सांगितलं नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, हेडफोन परत नीट बसवला, आणि बिबट्याला हळूहळू मागे घेत विहिरीच्या कपारीत नेऊन बसवलं, जिथे वरून दिसत नाही अशा बाजूला.