नॅन्सी ह्यूजचे अर्धे वाक्य

केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्याची पहिली बातमी सीबीएस वाहिनीने कशी दिली, याची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. २२ नोव्हेंबर १९६३ च्या शुक्रवारी, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटे झालेली असताना, पडद्यावर एका मध्यमवर्गीय घरातील मध्यमवयीन गृहिणी आपल्या सासऱ्यांशी बोलत आहे. तिच्या मुलाने घटस्फोटित पत्नीला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावले आहे आणि आपण यावर पुष्कळ विचार केला, असे ती सांगू लागते. तेवढ्यात चित्र जाते, बातमीची पाटी येते आणि वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा केवळ आवाज ऐकू येतो, कारण वृत्तकक्षातील कॅमेरा तापून तयार व्हायला तेव्हा काही मिनिटे लागत. ही फीत पाहणारे पुढे क्रॉन्काइट यांच्याविषयी बोलतात. मला मात्र प्रत्येक वेळी त्या बाईचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न पडत असे, आणि त्याचा शोध घेता घेता मी हेलन वॅग्नर या अभिनेत्रीपर्यंत पोहोचलो.

मालिकेचे नाव होते ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ (म्हणजे ‘जग फिरत असताना’) आणि गृहिणीचे नॅन्सी ह्यूज. ती सासऱ्यांना ‘ग्रँडपा’ म्हणते, म्हणजे मुले ज्या नात्याने हाक मारतात त्याच नात्याने. आपल्याकडेही मुले झाल्यावर सुनेच्या तोंडी सासरे ‘आजोबा’ होतात, त्यामुळे ही हाक मला पहिल्याच वेळी ओळखीची वाटली.

हेलन यांचा जन्म ३ सप्टेंबर १९१८ रोजी टेक्सासमधील लबक येथे झाला. इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजातून १९३८ साली पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या. गाणे येत असल्यामुळे त्यांची सुरुवात रंगमंचावर झाली, आणि दूरचित्रवाणी नवी असताना तिथेही त्यांना लहानमोठी कामे मिळू लागली. त्यांतील एक काम ‘गायडिंग लाइट’ या मालिकेतले होते आणि तिच्या लेखिका होत्या अर्ना फिलिप्स. अमेरिकेतील दुपारच्या मालिका ज्यांनी जवळजवळ एकहाती घडवल्या, त्या याच बाई. अशा मालिकांना ‘सोप’ हे नाव पडले ते त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या उचलत म्हणून. प्रॉक्टर अँड गँबल ही त्यांतली सर्वांत मोठी कंपनी होती आणि अर्नाबाईंची ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही नवी मालिका तिच्याच मालकीची होती.

तोवर दुपारच्या मालिकेचा भाग पंधरा मिनिटांचा असे. अर्ना फिलिप्स यांना अर्धा तास हवा होता, कारण त्यांच्या मते माणसे घरात ज्या गतीने बोलतात, थांबतात, पुन्हा त्याच विषयावर येतात, ती गती पंधरा मिनिटांत मावत नव्हती. २ एप्रिल १९५६ रोजी हा प्रयोग सुरू झाला. ओकडेल या काल्पनिक गावात सकाळ होते आणि नॅन्सी नवऱ्याला म्हणते, “गुड मॉर्निंग, डिअर.” मालिकेतील हे पहिले वाक्य. त्यात नाट्य काहीच नाही, आणि पुढची चोपन्न वर्षे हेलन वॅग्नर यांच्या वाट्याला बहुतांशी अशीच वाक्ये आली.

गंमत म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच त्यांना काढून टाकण्यात आले होते. पुढे हेलन स्वतःच सांगत की, आपण कॉफी ज्या पद्धतीने ओततो ती अर्नाबाईंना आवडली नव्हती. हा किस्सा विनोदाने सांगितला जातो, पण मला तो तेवढा क्षुल्लक वाटत नाही. ज्या मालिकेचा निम्मा काळ स्वयंपाकघरातील टेबलाशी जातो, तिथे कॉफी ओतणे हाच अभिनय असतो. किटली किती उंच धरली, कप पुढे सरकवताना नजर कुणाकडे होती, यावरूनच बाई रागावली आहे की काळजीत आहे हे कळायचे. अर्नाबाई शिकागोत बसून लिहीत आणि न्यूयॉर्कहून होणारे प्रक्षेपण तिथेच पाहत. एवढ्या दुरून ज्यांना कॉफी ओतणे खटकले, त्या लेखिकेची नजर किती बारीक असेल! हेलन काही काळातच परत आल्या, आणि कॉफी पुढे त्यांनीच ओतली.

शिवाय हे सारे थेट चालत असे. आपल्या मालिकांच्या निर्मात्यांना आधीच चित्रित केलेल्या चार-सहा भागांची ‘बँक’ हाताशी नसली की झोप लागत नाही. इथे बँक नावाची गोष्टच नव्हती. रात्री संवाद पाठ करायचे, सकाळी तालीम करायची आणि दुपारी लाखो घरांसमोर एकदाच बोलायचे. चुकले तर चुकले, रीटेक नाही. ही मालिका १९७५ पर्यंत थेट प्रक्षेपित होत राहिली. म्हणूनच त्या शुक्रवारी क्रॉन्काइट बोलत असताना स्टुडिओत नॅन्सी आणि आजोबांचे बोलणे चालूच होते. आपण पडद्यावरून गेलो आहोत याची कलाकारांना कल्पना नव्हती. पहिली वार्ता संपल्यावर वाहिनीने कॉफीची जाहिरात दाखवली आणि मालिका थोडा वेळ परतही आली. मग मात्र बातम्यांनी ती पुरती बाजूला सारली.

१९५८ पासून सुमारे वीस वर्षे ही अमेरिकेतील दुपारची सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. त्या यशाचा चेहरा मात्र नॅन्सी नव्हती. तो मान एलिन फुल्टन या अभिनेत्रीने साकारलेल्या लिसाकडे जातो. थँक्सगिव्हिंगला बोलावलेली ती घटस्फोटित सून म्हणजे हीच लिसा. कारस्थानी, देखणी, पुन्हापुन्हा लग्न करणारी ही बाई पाहायला लोक बसत आणि तिच्या वागण्यावर नाक मुरडायला त्यांना नॅन्सी लागे. माझ्या मते लिसाचे काम अवघड असले तरी त्याचे बक्षीस लगेच मिळते. नॅन्सीचे काम ऐकण्याचे होते. समोरचा माणूस आपले गुपित सांगत असताना ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकायचे, तेही आठवड्यातले कितीतरी दिवस, वर्षानुवर्षे. पडद्यावरील मुलगा बॉब १९६० पासून डॉन हेस्टिंग्ज करत होते. ते हेलन यांच्याहून जेमतेम साडेपंधरा वर्षांनी लहान होते, पण ही मायलेकाची जोडी कुणाला कधी खटकली नाही.

वय वाढले तशी नॅन्सी मागे सरकत गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी हेलन काही वर्षे मालिकेबाहेरच होत्या. त्या परत आल्या आणि १९८६ साली पडद्यावरील पती डॉन मॅकलॉफलिन यांचे निधन झाले. तीस वर्षे ज्या माणसाला त्या ‘गुड मॉर्निंग’ म्हणत आल्या होत्या, तो कथेतही गेला आणि नॅन्सी विधवा झाली. लेखकांनी पुढे तिचे दुसरे लग्न लावून दिले, हे मला विशेष वाटते. आजीबाईला देवघराशी बसवून ठेवायची सोय त्यांच्याकडेही होतीच. या दुसऱ्या पतीला, डॅन मॅक्लोस्कीला, पुढे अल्झायमर्स होतो आणि ज्या स्वयंपाकघरात आजवर इतरांची दुःखे ऐकली गेली, तिथे नॅन्सीचे स्वतःचे दुःख येते. त्यांच्या उतारवयातील सर्वांत सकस काम हेच होते.

२००४ मध्ये डे-टाइम एमी पुरस्कारांत दुपारच्या मालिकांतील काही ज्येष्ठ कलाकारांना एकत्रितपणे जीवनगौरव देण्यात आला, त्यात हेलन होत्या. एकच भूमिका सर्वाधिक काळ करण्याचा गिनीज विक्रमही त्यांच्या नावावर होता. खऱ्या आयुष्यातील पती, रंगभूमीचे निर्माते रॉबर्ट विली, २००९ साली वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मालिका बंद होणार असल्याचे जाहीर झाले. हेलन वॅग्नर १ मे २०१० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी गेल्या. शेवटच्या भागाला तेव्हा साडेचार महिने उरले होते, त्यामुळे नॅन्सीचा निरोपही कथेत घ्यावा लागला.

तो शेवटचा भाग, १३,८५८ वा, १७ सप्टेंबर २०१० रोजी दाखवला गेला. डॉक्टर बॉब ह्यूज निवृत्त होत असतो आणि रुग्णालयातील आपली खोली सोडताना तो “गुड नाइट” म्हणतो. हे मालिकेतील अखेरचे वाक्य. आईच्या ‘गुड मॉर्निंग’ला जोडून मुलाने ते म्हणावे, ही लेखकांची योजना होती. डॉन हेस्टिंग्ज तेव्हा ७६ वर्षांचे होते. ते दिवा मालवतात आणि टेबलावरचा पृथ्वीचा गोल एकटाच फिरताना दिसतो.