सोलो कनूसाठी वल्हं किती लांब? सेंट रेजिसची तळी आणि भाड्याच्या दुकानातलं २२० चं झंगट

आधी निकाल सांगतो, बाकीचं वाचायचं तर वाचा. तळाशी बसायच्या सोलो कनूत (एकट्यानं वल्हवायची उघडी, हलकी होडी) २२० सेंटीमीटरचं दोन पात्यांचं वल्हं घेऊन जाऊ नका. दुकानदार काहीही म्हणो, भिंतीवरचा तक्ता काहीही म्हणो, तुमची उंची पाच फूट असो नाहीतर सव्वासहा. बोट अठ्ठावीस इंचांच्या आसपास रुंद असेल तर २४० च्या खाली हात लावू नका. आणि २४० नसेल तर सरळ एकपाती साधं वल्हं घ्या, तेही परवडलं.

मी आणि माझा मेव्हणा न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो, साधारण सहा तास गाडी हाणली आणि वर ॲडिरॉन्डॅक्सच्या डोंगरातल्या सेंट रेजिस कनू एरियाला गेलो. न्यूयॉर्क राज्यात 'कनू एरिया' असा सरकारी दर्जा असलेला हा एकच भाग, साधारण १८,४०० एकर, पन्नासच्या वर तळी आणि मोटारबोटीला बंदी. आम्ही धरला तो सेव्हन कॅरीजचा रस्ता. लिटल क्लिअर पाँडवरून सुरू, मग सेंट रेजिस पाँड, ग्रीन, लिटल लाँग, बेअर, बॉग, मग अप्पर सेंट रेजिस लेक, स्पिटफायर आणि लोअर सेंट रेजिसवर पॉल स्मिथ्स कॉलेजपाशी शेवट. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बोट खांद्यावर घेऊन जंगलातनं चालायचं, त्याला तिकडं कॅरी म्हणतात, म्हणून बोट हलकी हवी. इथे पॅक कनू चालते ती त्याचसाठी, साडेदहा ते बारा फुटांची, केव्हलारची, वीस-पंचवीस पौंडांची, तळाला टेकलेल्या सीटवर पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही बाजूंनी पाती मारत जायचं.

आता दुकान. नाव घेत नाही. बोट छान दिली, खोटं कशाला बोला. पण वल्ह्याचे पैसे वेगळे, कार्बनचं हवं तर आणखी वेगळे, गाडी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवायचे वेगळे, आणि हे सगळं काउंटरवर गेल्यावर कळतं. तिथल्या पोरानं माझ्याकडे एकदा वरून खाली बघितलं, भिंतीवर उंचीचा तक्ता होता त्यावर बोट ठेवलं, पाच फूट पाच इंच म्हणजे २२०, मेव्हणा सहा फुटी म्हणजे २३०, झालं. मी म्हटलं बाबा, ही बोट कयाकपेक्षा रुंद आहे, चालेल ना? तर म्हणे सगळे हेच नेतात.

तो तक्ता कयाकचा होता. लांब पल्ल्याची कयाक साधारण बावीस-चोवीस इंच रुंद असते, वरून झाकलेली असते, पाणी ठिबकलं तर डेकवर ठिबकतं. पॅक कनू कडेपाशी सत्तावीस-अठ्ठावीस इंच, उघडी, आणि कड तुमच्या कोपराच्या आसपास येते. वल्ह्याला आधी ती कड ओलांडायची, मग खाली पाण्यापर्यंत पोचायचं. उंचीचा संबंध त्यात फार थोडा. खरं बघायचं ते बोट किती रुंद, सीट किती उंच आणि तुमचं धड किती लांब. मेव्हणा सहा फुटी असला तरी सगळी उंची पायात आहे, बसल्यावर आमच्या दोघांच्या डोक्यांत दोन इंचांचासुद्धा फरक नाही.

लिटल क्लिअरवर दहा मिनिटांत माझी डावी मांडी ओली. छोटं वल्हं असलं की पातं पाण्यात पुरतं बुडवायला दांडा उभा धरावा लागतो, वरचा हात कपाळापर्यंत जातो, आणि वर गेलेल्या पात्यावरचं पाणी दांड्यावरून सरळ खाली वाहत येतं. दांड्यावर त्या रबरी चकत्या असतात ना, ड्रिप रिंग, त्या पाणी अडवतात हे खरं, पण अडवलेलं पाणी चकतीपाशीच टपकतं, आणि २२० च्या वल्ह्यात ती चकती बोटीच्या कडेच्या आतच राहते. म्हणजे ठिबक तुमच्या मांडीवर. चकती आणखी बाहेर सरकवली तर ती पाण्यात बुडते आणि उलट ओंजळभर पाणी घेऊन वर येते. लांब वल्ह्यात दांडा आडवा राहतो, चकती कडेच्या बाहेर जाते, ठिबक तळ्यात पडते. इतकी साधी गोष्ट आहे आणि दुकानात कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे बोटांची सालं. खालचा हात कडेला घासतो. डाव्या अंगठ्याच्या पेराची कातडी सेंट रेजिस पाँडला पोचेपर्यंत सोलून निघाली होती, त्यावर डक्ट टेप गुंडाळला, तो ओला झाला, सुटला, परत गुंडाळला. लिटल क्लिअर ते सेंट रेजिस हीच या रस्त्यावरची सगळ्यात लांब कॅरी, अर्ध्या मैलाच्या थोडी वर. ती मला वल्हवण्यापेक्षा सुखाची वाटली.

संध्याकाळी सेंट रेजिस पाँडवर शेजारच्या साइटवर एक आजी एकट्या आलेल्या, सत्तरीच्या तरी असतील. माझा टेप बघून हसल्या आणि स्वतःचं २५० चं वल्हं पुढे केलं, जा म्हणाल्या, बेटाला वळसा घालून ये. काय सांगू. हात छातीच्या खाली, मांडी कोरडी, बोट आपली सरळ चाललीय. मी परत यायलाच तयार नव्हतो. मेव्हणा काठावरून ओरडतोय, "भाऊजी, त्यांचं वल्हं आहे ते, आणा परत!" ग्रीन, लिटल लाँग, बेअर हा मधला भाग सुंदर आहे, लून पक्षी ओरडतात, बेअर पाँडचा तळ दिसतो, कॅरी छोट्या आहेत. त्यावर जास्त लिहित नाही, तिथे काही चुकत नाही कुणाचं.

चुकतं ते अप्पर सेंट रेजिसवर. बॉग पाँड म्हणजे दलदलीचं डबकं, तिथून चिमूटभर चाललं की एकदम मोठा तलाव समोर, काठावर जुन्या श्रीमंतांचे ग्रेट कॅम्प म्हणजे उन्हाळी बंगले, मोठमोठी बोटहाउसं, आणि इथे कनू एरियाची हद्द संपलेली असते म्हणजे मोटारबोटी चालू. आम्ही पोचलो तेव्हा वायव्येचा वारा, जायचं ईशान्येला, म्हणजे वारा डावीकडून. अशा वाऱ्यात बोटीचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं, ते सरळ ठेवायला डाव्या बाजूनंच मारत राहावं लागतं, आणि डावीकडेच माझा सोललेला अंगठा. लांब वल्हं असतं तर दोन्ही हात वितभर उजवीकडे सरकवून डावीकडचा दांडा लांब करता येतो आणि लांबून झाडू मारल्यासारखा एक फटका दिला की नाक जागेवर येतं. २२० मध्ये सरकवायला जागाच नाही. त्यात एक मोटारबोट गेली, तिच्या लाटा आडव्या आल्या, मी उभ्या दांड्यानं मारतोय, प्रत्येक फटक्याला घोटभर पाणी आत, सीटखाली तळं झालं, स्पंज पुढच्या बॅगेला बांधलेला, हात पोचत नाही. मेव्हण्याची बोट माझ्यापेक्षा दीड इंच अरुंद आणि वल्हं दहा सेंटीमीटर लांब, तो पन्नास हात पुढे, वर विचारतोय, "भाऊजी, दमलात का?" स्पिटफायरच्या अरुंद वाटेत शिरेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

म्हणून सांगतो, हा तलाव सकाळी लवकर ओलांडा, वारा उठायच्या आत. डाव्या काठाच्या आडोशानं जा, अंतर वाढलं तरी चालेल. स्पंज हाताशी ठेवा. आणि वल्हं नीट घ्या.

परत आल्यावर राग काही जाईना, म्हणून मित्रांकडून वेगवेगळ्या लांबीची वल्ही मागून आणली आणि प्रिन्स्टनपाशी डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलमध्ये बसून घासून बघितली. तळाच्या सीटवर, अठ्ठावीस इंची बोटीत २३० चालतं पण ठिबकतं. २४० बरं. २५० माझ्यासाठी एकदम बरोबर. २६० जास्त झालं, पातं बोटीपासून इतकं लांब पडतं की प्रत्येक फटक्याला नाक डावं-उजवं डोलतं, आणि टोकाचं वजन मनगटाला लागतं. म्हणजे लांब म्हणून कितीही लांब नाही. पण तुमची कनू टांगलेल्या सीटची असेल, तळापासून आठ-नऊ इंच वर, किंवा तुम्ही गुडघ्यावर बसत असाल तर गणित बदलतं, तिथे २६० पासून सुरुवात करा, २८० सुद्धा लागू शकतं. बोट सव्वीस इंचाची आणि तळाची सीट असेल तर २३० ते २४० पुरे.

रुंदी मोजताना कंपनीच्या कागदावरची सगळ्यात मोठी रुंदी धरू नका. बऱ्याच बोटींच्या भिंती वर आत वळलेल्या असतात, पोट रुंद आणि कड अरुंद. जिथे पातं पाण्यात शिरतं तिथे, म्हणजे तुमच्या गुडघ्यांच्या आसपास, कडेपासून कडेपर्यंत टेप लावा. आणि हो, बोट इंचात आणि वल्हं सेंटीमीटरमध्ये, हा त्रास आहेच.

दुकानातून निघायच्या आधी धक्क्याजवळच बोटीत बसा. पातं पुरतं बुडवा, दांडा नाही. वरचा हात हनुवटीच्या वर जात असेल तर वल्हं छोटं. खालची मूठ कडेपासून चार बोटं तरी सुटी राहत नसेल तर छोटं. पात्याच्या वरचा वीतभर दांडाही बुडतोय तर लांब. पाच मिनिटांचं काम आहे, पोरगं कंटाळेल, कंटाळू दे.

विकत घेणार असाल तर मधल्या जोडापाशी लांबी कमीजास्त करता येणारं मिळतं, दहा-पंधरा सेंटीमीटरचा खेळ असतो, महाग आहे पण माझ्या मते पैसे वसूल, वाऱ्यात लांब करा, शांत पाण्यात आखूड. लांबीबरोबर वजन जाणवतं, म्हणून २५० घ्यायचं तर ॲल्युमिनियमच्या दांड्याचं घेऊ नका, दुपारपर्यंत खांदे बोलायला लागतील. पाती अरुंद आणि लांबट घ्या, रुंद पातं आडव्या दांड्याला उगाच जड जातं. आणि कनूत दोन पात्यांचं वल्हं म्हणजे कयाकवाल्यांची फॅशन असं कुणी नाक मुरडलं तर त्याला सांगा की जे. हेन्री रश्टननं बांधलेली साडेदहा पौंडांची सैरी गॅम्प नावाची कनू १८८३ साली ॲडिरॉन्डॅक्समध्ये २६६ मैल दोन पात्यांच्या वल्ह्यावरच फिरली.

कितीही लांब घेतलं तरी थोडं ठिबकणारच, मांडीवर रेनपँट किंवा जुना टॉवेल टाका. बॉग पाँडसारख्या चिंचोळ्या जागी लांब वल्हं झुडपात अडकतं, तिथे बावन्न इंची एकपाती कामाला येतं, तसंही जादा वल्हं पाहिजेच.

बाकी भराभर. कॅम्पिंग फुकट, पिवळ्या चकतीची खूण असलेली साइट शोधायची, जो आधी येईल त्याची. एकाच जागी तीन रात्रींच्या वर किंवा दहा आणि जास्त माणसं असतील तर रेंजरचा परवाना लागतो. लिटल क्लिअरवर मुक्काम नाही आणि मासेमारीही नाही. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ब्लॅक फ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या फोडून खातात, तेव्हा जाऊ नका. १ नोव्हेंबर ते १ मे लाइफ जॅकेट अंगात असणं कायद्यानं सक्तीचं आहे, आमच्या मते बाराही महिने घाला.

आणि वल्हं ताब्यात घेताना दोन्ही पात्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, दुकानातल्या माणसासमोर. आम्ही परत केलं तेव्हा पात्याच्या टोकाला ओरखडा आहे म्हणून पंचवीस डॉलर कापायला निघाले होते. मेव्हण्यानं फोनमध्ये फोटो दाखवला, ओरखडा आधीचाच, तेव्हा गप्प बसले. सॉरी कुणी म्हणालं नाही.