आमची वाटचाल : मोटर रिपेअरिंग ते भूजल सफाई

आमचं काम सुरू झालं ते बोरच्या मोटरी काढण्या-बसवण्यापासून, मी, दोन कारागीर अन एक सेकंडहँड टेम्पो. पाणी लागलं की काम झालं असं वाटायचं, ते कसं आहे हे कोण पाहतं.

मग एकदा नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंग यार्डाकडच्या वस्तीत मोटर बदलायला गेलो तर तिथल्या मावशीनं बादली पुढं केली. "रात्री भरलं तवा काचेसारखं होतं भाऊ, आता पाहा." वर तेलासारखा तवंग, तळाला गेरूसारखा गाळ. चहा ठेवला की काळा पडते म्हणाली. मोटर बदलून काय होणार होतं?

तिथून शिकायला लागलो. कचऱ्याच्या ढिगातून पाऊस झिरपला की काळं पाणी सुटतं, त्याला लीचेट म्हणतात, ते जमिनीत गेलं की तिथला ऑक्सिजन संपतो अन मातीतलं लोखंड, मँगनीज पाण्यात विरघळतं, बादलीत हवा लागली की तेच लोखंड लाल होऊन खाली बसतं.

पहिली चूक आमचीच. आम्ही सरळ आरओ बसवला आणि त्याचं रिजेक्ट पाणी, म्हणजे गाळून मागं उरलेलं खारट पाणी, बाजूच्या शोषखड्ड्यात सोडलं. महिन्या-महिन्याला बोरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चढत गेला, म्हणजे वर गाळलेलं क्षार आम्ही परत त्याच पाण्यात घालत होतो, हे कळलं तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही.

आता आधी आजूबाजूच्या विहिरी-बोरमधल्या पाण्याची पातळी टेपनं मोजतो, पाणी कुठून कुठं वाहतं ते काढतो अन क्लोराइड तपासतो. क्लोराइड मातीला चिकटत नाही, पाण्यासोबत पुढं जातं, म्हणून घाण कुठवर पोचली ते त्यावरून समजतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं. मग दूषित पाणी हळूहळू उपसून हवा मारायची, गाळ बसू द्यायचा, वाळूतून गाळायचं, लीचेटमधल्या अमोनियासाठी तो खाणाऱ्या जिवाणूंची टाकी वेगळी. उन्हाळ्यात शेजारच्यांनी दणकून उपसा केला तर घाण तिकडं ओढली जाते, हे प्रत्येक घरी जाऊन सांगावं लागते. अन जुन्या यार्डांच्या बुडाशी अस्तरच नाही, ढीग उपसून चाळला नाही तर खालचं काम कधीच संपत नाही.

एका ठेकेदारानं आमचं बिल वर्षभर अडवलं, काहून तर रिपोर्टात "पिण्यालायक नाही" लिहिलं म्हणून. ती ओळ मात्र आम्ही बदलली नाही.

आज आम्ही सात जण आहोत. मावशीचा बोर लाल रंगानं रंगवलाय, धुण्यापुरताच चालतो, पिण्याला नळाचं पाणी. दर मे अन ऑक्टोबरला सँपल न्यायला गेलो की दारातच विचारते, "काय म्हणते रिपोर्ट?" यंदा क्लोराइड उतरलंय. अमोनिया मातीला धरून बसतो, तो अजून तसाच आहे, तेही तिला सांगितलं.