नदीकाठचे देऊळ

आज आमच्या भूमिकाखेळाच्या मोहिमेत (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र साकारत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात) एका खेळाडूने नदीकाठच्या पडक्या देवळात कोणाची पूजा होत असे, हे विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण हे जग मी स्वतः रचलेले आहे आणि त्या देवळाचा विचार मी केलाच नव्हता. त्या क्षणी छापील, म्हणजे पुस्तकात तयार मिळणाऱ्या जगाची उणीव तीव्रतेने जाणवली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाखेळाचे 'फरगॉटन रिअल्म्स' हे जग निवडले असते, तर देवता, पंथ, नकाशे सारे तयार मिळाले असते. अर्थात तेही मुळात घरगुतीच. एड ग्रीनवुड यांनी ते १९६०च्या दशकात, लहान वयात, स्वतःच्या कथांसाठी रचायला घेतले आणि खेळाचे जग म्हणून ते १९८७ मध्ये प्रकाशित झाले. त्याच खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांचे 'ग्रेहॉक' हे जगसुद्धा १९८० मध्ये छापले जाण्याआधी कित्येक वर्षे त्यांच्या घरी खेळले जात होते.

मी तोच प्रश्न त्या खेळाडूकडे सोपवला. थोडा विचार करून तिने सांगितले, की तिच्या पात्राची आजी याच पंथातली होती आणि नदी बुडालेल्यांची नावे विसरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. लगेच दुसऱ्याने भिंतीवर आपल्या हरवलेल्या भावाचे नाव शोधायला सुरुवात केली. आखलेला सामना बाजूला राहिला आणि उरलेला सगळा वेळ आम्ही त्या देवळातच होतो.

खेळ चालवणाऱ्या नवख्या सूत्रधाराला मी आजही छापील जगच सुचवीन. तयारीचा भार त्याने खरोखर हलका होतो. माझ्या वहीत मात्र आता त्या पंथासाठी एक कोरे पान राखले आहे, आणि ते तिनेच भरावे, असे मी तिला सांगितले आहे.